अडथळा नसल्याचा दाखला

३ जुलै, दुपारी ४.२०
सगळं बदललं ते आज चार वाजून दहा मिनिटांनी. कागोया फोनवर "बरं" म्हणाली. हळूच म्हणाली, मागं शाळेची घंटा वाजत होती, पण मी ऐकलं. लग्न जिंजाला, तिच्या गावी, तिथल्या सरकारी कचेरीत. ३० ऑगस्ट. तिच्या वडिलांचं म्हणणं, त्या दिवशी झालं तर झालं, नाहीतर हा किसुमूचा पोरगा पुन्हा दारात दिसायला नको. अट एकच. युगांडात मी परदेशी, म्हणून केनियातून दाखला न्यायचा: या माणसाला लग्नाला अडथळा नाही.
अठ्ठावन्न दिवस आहेत. मला दहा पुरतील. कायद्याच्या डिप्लोमाची दोन सत्रं मी केलीत. (सोडला, कारण सरांना वाद झेपत नव्हता.)
संकल्प: आजपासून संताप बंद.

५ जुलै
विवाह नोंदणी कचेरी. चेसिरे नावाचा कारकून. म्हणाला, जन्मदाखला आणा, अविवाहित असल्याचं शपथपत्र आणा, मग तुमचं नाव बाहेरच्या फळ्यावर एकवीस दिवस लागेल. कुणाची हरकत आली नाही तर दाखला. मी विचारलं, माझ्यावर कोण हरकत घेणार? म्हणाला, सगळे हेच विचारतात साहेब, आणि मग कुणीतरी येतंच.
मी टेबलावर हात आपटला नाही. ठेवला. जरा जोरात.

९ जुलै
बाजारामागच्या म्हाताऱ्या वकिलाकडे शपथपत्र केलं. "मी आजवर कोणाशीही विवाह केलेला नाही." सही करताना म्हातारा टक लावून बघत होता. म्हणाला, तुला कुठंतरी पाहिलंय. पाहिलं असेल. माझा चेहरा लक्षात राहतो.

१२ जुलै
फळ्यावर नाव लागलं: माझं, पुढं नुसतं 'युगांडातल्या मुलीशी'; तिचं नाव लावत नाहीत. मीच चार वेळा वाचून आलो.
नोंद म्हणून एक जुनी गोष्ट लिहून ठेवतो, महत्त्वाची नाही. माझी घरमालकीण आवूर मावशी एकट्या पोरांना खोली देत नाही. दारावर पाटीच आहे: फक्त कुटुंबांना. म्हणून गेल्या नोव्हेंबरात याच म्हाताऱ्यासमोर शपथेवर लिहून दिलं, की मी विवाहित, बायको कागोया, शिक्षिका, जिंजाला असते. नाव खरं, नोकरी खरी, फोन नंबरसुद्धा खरा. तेव्हा तिची ओळख होऊन पाच आठवडे झाले होते. काळ तेवढा जरा पुढचा. याला खोटी शपथ म्हणत नाहीत. आगाऊ शपथ म्हणतात.
कागोयाला सांगितलं नाही. लग्नानंतर सांगून हसवीन.

१८ जुलै
मावशी दर रविवारी विचारते, आमची सून कधी येणार रे? मग सुनेसाठी काढून ठेवलेला तळलेला मासा मलाच देते. चांगली बाई आहे. मावशीच्या चर्चमधल्या बायका दर गुरुवारी कचेरीचा फळा वाचतात म्हणे, कुणाचा पोरगा गुपचूप काय करतोय ते बघायला. रिकाम्या बायका!

२४ जुलै
हरकत आली.
संकल्प: संतापायचं नाही, संतापायचं नाही.

२५ जुलै, सकाळी ११
संतापलो.
हरकत आवूर मावशीची. नोव्हेंबरचा कागद जोडलाय. लिहिलंय, हा माणूस विवाहित असून युगांडातल्या एका गरीब बिचाऱ्या मुलीला फसवतोय. मी ओरडलो, ती बिचारी मुलगीच माझी नवरी आहे! माझ्या अर्जातलं तिचं नाव बघा, दोन्हीकडे एकच! चेसिरेनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसला. म्हणाला, मग लग्न झालं असेल तर पुन्हा कशाला करता? आणि झालं नसेल तर ही सही कोणाची?
बाहेर रांगेतलं कुणीतरी म्हणालं, सासऱ्याकडे दोनदा जेवायचं असेल याला. सगळे हसले. मी त्याला बघून घेणार होतो, पण रांग मोठी होती.

२५ जुलै, संध्याकाळी
मावशीला समजावलं. ती म्हणाली, पोरा, उशीर केलास. कागदावर नंबर होता, मी सुनेला कालच फोन केला. सांगितलं, बाई गं, जागी हो, तुझा नवरा दुसरी करतोय! शेवटी मला म्हणाली, पोरगी धीराची आहे रे. नुसती म्हणाली, त्या कागदाचा फोटो पाठवा.
म्हणजे कागोयाला माझी तळमळ कळली. नोव्हेंबरपासूनची.

२९ जुलै
चौदा वेळा फोन केला. उचलत नाही. शाळेत परीक्षा असणार.

२ ऑगस्ट
तिचा मेसेज! "नोव्हेंबरमध्ये मला कुणी विचारलं होतं?" चेष्टा करतेय. मी लिहिलं, माझ्या हृदयानं. अजून पोचलेलं दिसत नाही. जिंजाला नेटवर्क भिकार आहे.

१३ ऑगस्ट
सुनावणी. मोठ्या अधिकारीण बाई म्हणाल्या, दोन शपथांपैकी एक खोटी आहे, कुठली ते तुम्हीच सांगा. सतरा दिवस उरलेत. सांगितलं: पहिली. तसं लिहूनही दिलं. सही दोनदा गिरवली, पेन नीट उमटत नव्हतं. बाई म्हणाल्या, पुन्हा असं केलंत तर कोठडीत जाल, आणि मावशीची हरकत फेटाळली.
जिंकलो!

२८ ऑगस्ट, दुपारी १
दाखला हातात आला. शिक्का ओला होता, फुंकून वाळवला. दोन दिवस हातात ठेवून! म्हटलं होतं ना. चेसिरेनं हात मिळवला. म्हणाला, नवरीला सांगितलंत ना?

२८ ऑगस्ट, ४.१०
जिंजाहून आलेल्या बसवाल्यानं पाकीट दिलं. आत नोव्हेंबरच्या शपथपत्राची प्रत. कागोया मुलांच्या वह्या तपासते तसं, लाल पेननं. "पत्नी" या शब्दाखाली दोन रेघा. समासात लिहिलंय:
"एका शपथेत मी तुझी बायको. दुसरीत तुला बायकोच नाही. मला दोन्ही वेळा विचारलं नाहीस. ३० तारखेला मी शाळेत आहे."
चूक फक्त काळाची होती.

२९ ऑगस्ट, सकाळी ९
आवूर मावशी आली. तिचेही डोळे ओले. म्हणाली, पोरा, तूच सरकारला लिहून दिलंस ना, कुटुंब नाही म्हणून? मग पाटीचं काय करू? जाताना मासा बांधून दिला. सुनेसाठी म्हणाली, मग जीभ चावली.
सामान एक पिशवी. दाखला वरच्या खिशात. पुन्हा वाचला. सरकारनं सही-शिक्क्यानिशी लिहिलंय, की ओडेरो याला लग्न करण्यात कसलाही अडथळा नाही.
किल्ली खिळ्याला अडकवली. वही पायरीवर ठेवून लिहितोय. दार बाहेरून ओढून घेतलं.