पेरूची बिस्किटं

सोम., ६ ऑक्टो.
चाकणची कंपनी सोडून आठ दिवस झाले. जेवताना दाजी म्हणाले, "चौथी नोकरी ही. दिवाळीपर्यंत एक तरी काम तडीस नेऊन दाखव, नाहीतर घरी लातूरची गाडी धर." ताई वाढत होती. मी मोबाइलवर फळ भरलेल्या बिस्किटांचा व्हिडिओ बघत होतो. हे जमेल मला. खरंच.

बुध., ८
सीताफळाचा गर शिजवला. कडूजहर! ताई म्हणाली, "येड्या, सीताफळ कुणी शिजवतं का? पेरू आण." निघालो. वाटेत मॅच चालू होती, त्यांना एक गडी कमी होता... घरी आलो तेव्हा पेरूंची आठवण झाली.

शुक्र., १०
पेरू शिजवला, बिया गाळल्या, वेलची टाकली. मैद्याच्या गोळ्यात भरला. घरी ओव्हन नाही. पण कोपऱ्यावरच्या बेकरीत दिवाळीआधी बायका घरची नानकटाई भाजायला नेतात, तिथंच ट्रे दिला. भट्टीवाले चाचा ओरडत होते, "नाव की चिठ्ठी लगाव रे!" लावतो म्हणालो. तेवढ्यात बाहेर एकाची नवी बुलेट दिसली.
घरी आणलेला ट्रे उघडला तर साधी नानकटाई. माझी कुणी नेली काय माहीत. दाजी नुसते हसले. ते जास्त लागलं.

शनि., ११
बेकरीत एक शिंदेकाकू माझीच वाट बघत होत्या. "चिठ्ठी लावायला हात मोडले होते का रे?" मग म्हणाल्या, "तुझा ट्रे माझ्याकडे आला, पोरांनी फडशा पाडला. पुढच्या रविवारी मुलीच्या सासरचे यायचेत. शंभर करशील?"
चाचा म्हणाले, "रविवारी सकाळी सातला भट्टी देतो. सव्वासातला आलास तर दुसऱ्याची."
शंभर! हो म्हणून बसलो.

शुक्र., १७
विक्याचा फोन. "भावा, उद्या गाडीवर अलिबाग. सोमवारी परत." मन निम्मं रस्त्याला लागलं होतं. ताई पेरू चिरत होती, तिनं वर पण बघितलं नाही. नाही म्हणालो. विक्या म्हणाला, "बिस्किटांसाठी? वेडा झालास का?"
असेल.

रवि., १९
सातला दहा कमी असताना बेकरीत. पाच ट्रे, पाच चिठ्ठ्या. आत गेलेत. इथंच बसून लिहितोय.
दाजी थर्ड शिफ्ट करून आलेत, गाडी दारातच लावली. "वास तर भारी सुटलाय. दे एक."
म्हणालो, "व्हायचीत अजून. थांबा दहा मिनिटं."
दाजी कामावरचा डबा घेऊन, पेंगुळलेले, पायरीवर बसलेत.