घर हलवण्याचा दंड

३ मार्च

चि. बोक्यास,
अ. आ. वि. वि.

तिसऱ्या मजल्यावरचं घर विकलं. पाय गेल्यापासून तुझे भावोजी त्यात कोंडल्यासारखे झाले होते. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्याला रस्ता दिसायला हवा. म्हणून तळमजल्याचं घर ठरवलं. कर्ज त्याच बँकेत नव्या घरावर न्यायचं होतं, आणि त्याला दंड नाही असं तिथल्या बाईंनी तोंडी सांगितलं होतं. आता म्हणतात, दोन्ही खरेदीखतं एकाच दिवशी व्हायला हवी होती. मुदतीआधी कर्ज फेडलं म्हणून विक्रीच्या पैशातून भलामोठा दंड कापला. हे आधी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणे तुम्ही विचारलं नाहीत.

तेवढेच पैसे नव्या घराला कमी पडतायत. त्याचा मालक महिनाभर थांबतोय. तोवर दुसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली. भावोजी म्हणतात, एक मजला तर उतरलो!

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जमले तेवढे पाठवले आहेत. परत करायची भाषा केलीस तर बोलणार नाही. तोंडी भांडू नकोस, त्यात तू जिंकतेस पण हाती काही लागत नाही. कोण, कधी, काय म्हणालं ते सगळं बँकेला लेखी दे. भावोजींना सांग, खाली आले की पहिली फेरी माझ्यासोबत.

माया आहेच, ती वाढव.
बोक्या

२६ एप्रिल

चि. बोक्यास,
अ. आ.

तक्रार फेटाळली. वरच्या साहेबांनी बाईंना माझ्यासमोर बोलावलं. त्या खाली बघत म्हणाल्या, आठवत नाही. मी पुन्हा वर अर्ज केलाय. मालकाने घर दुसऱ्याला दिलं. त्याचाही नाइलाज होता. भावोजी रस्त्याबद्दल विचारत नाहीत आता. पाठीला जखमा झाल्यात. भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

पत्र टाकत जा रे.
ताई

१९ जुलै

चि. बोक्यास,
अ. आ.

भावोजींच्या दिवसांना आलास तेव्हा तू विचारलं नाहीस, मलाही सांगवलं नाही. त्या दिवशी त्यांच्या छातीत कफ दाटला. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली होती. पण जिना अरुंद, वळणावर स्ट्रेचर फिरेना. मी वरून बघत होते. खाली पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

काल बँकेने सगळा दंड परत केला. त्या बाईंनीच अखेर लिहून दिलं, की हो, मी असं सांगितलं होतं. आज त्या स्वतः आल्या. नोकरी जाईल म्हणून घाबरले, असं म्हणत रडत बसल्या. मी पाणी दिलं. ‘जाऊ द्या’ एवढे दोन शब्द ऐकायला त्या बराच वेळ थांबल्या होत्या. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत, बोक्या. मग त्या उठल्या आणि जिना उतरून गेल्या.

तुझा लोभ तेवढा राहू दे.
ताई