नऊ बटणांचा उंदीर

कोल्हापूर, ता. ८ मार्च २००९

श्री. श्रीशैलराव यांस, कोल्हापूरहून तुमच्या दाजींचा नमस्कार, शरणु शरणार्थी. तुम्ही, घरची मंडळी आणि बेंगळुरूची हवा, तिघंही ठणठणीत असाल असं धरून चालतो, कारण विचारायला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तुम्ही मीटिंगमध्ये होता. (पाचव्यांदा तुम्ही उचलला, माझं अर्धं वाक्य ऐकलंत आणि "दाजी, फॉरमॅट मारा" म्हणून ठेवलात. मेहुण्यानं असं बोलावं का, याचा विचार मी नंतर निवांत करणार आहे.) म्हणून हे पत्र. कागद मीटिंगला जात नाही.

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, ती मी पाळली असं समजा. तुमच्या आक्का बऱ्या आहेत. मीही बरा आहे, फक्त एका जागी बसवत नाही. हे एवढं लिहिताना दोनदा उठलो. एकदा टाकीचा कॉक बघून आलो, एकदा कॉक नीट बंद केला होता का ते बघून आलो. तेहतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेल्या माणसाला रिटायर करून खुर्ची देणं हा सरकारचा चांगुलपणा असेल, पण खुर्चीवर अन्याय आहे.

दोष तुमचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. दिवाळीत तुम्ही आलात, आमच्या कॉम्प्युटरमधले व्हायरस बघून कपाळाला हात लावलात आणि जुनं सगळं पुसून ते लिनक्स घातलंत. इथवर उपकारच. त्यावर आक्कांना तो नवा, दोन्ही कडांना एकेक जादा बटण असलेला माउस दिलात. तोही उपकार. पण जाता जाता माझ्याकडे वळून म्हणालात, "दाजी, ह्यात सगळं आपल्या मनासारखं बदलता येतं." श्रीशैलराव, हे वाक्य कुणासमोर बोलतोय याचं भान हवं होतं. ज्या माणसानं लग्नानंतर पहिल्या महिन्यात सासऱ्यांच्या घरातला देवघराचा दिवा आणि मोरीचा दिवा एकाच खटक्यावर आणून ठेवला होता, त्याला तुम्ही हे सांगितलंत.

तरी दोन महिने मी हात आवरून होतो. आक्कांना इचलकरंजीच्या सयाजीरावांचं काम मिळालं होतं. सयाजीराव म्हणजे ते मागवाले, त्यांच्या शेडमध्ये नवीन साडी निघणार होती आणि तिचा काठ आक्कांनी काढून द्यायचा होता. पन्नाशी उलटल्यावर बाई कॉम्प्युटर शिकली, आणि गल्लीतल्या पोरींना भरतकाम शिकवता शिकवता एकदम मागावर चढणार, म्हणून घरात उत्साह होता. काठ म्हणजे पडद्यावर बारीक चौकटी, एक चौकट म्हणजे एक धागा, आणि चौकटी भरत भरत कोयऱ्यांची वेल. मी लांबूनच बघायचो. आक्कांनी तसा नियमच केला होता.

मग जानेवारीत त्या शेजारणींबरोबर नृसिंहवाडीला गेल्या आणि घाटाच्या ओल्या पायरीवरून घसरल्या. उजवा हात मनगटात मोडला. तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. आणि काठ द्यायचा महाशिवरात्रीच्या आधी, कारण त्यानंतर सयाजीराव माग रिकामा ठेवणार नव्हते. सुरतेचा एक डिझाइनवाला त्यांच्याकडे खेटे घालतच होता. आक्का मशीनपुढे गेल्या. डाव्या हातानं माउस धरून बसल्या, आणि तर्जनी जिथं पडते तिथं चुकीचं बटण. दर वेळेला रेघ उमटायच्या ऐवजी भलतीच यादी उघडायची. मी दारात उभा राहून हे अर्धा तास बघितलं. (अर्धा तास हा माझा विक्रम आहे.) मग म्हटलं, तुम्ही उठा.

डावं-उजवं बटण अदलाबदल करायला एक ओळ पुरते, तेवढी मला कॉम्प्युटरच्या मासिकात सापडली. सरळ एक, दोन, तीन ऐवजी तीन, दोन, एक असे आकडे लिहायचे. लिहिले, आणि झालं! त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. पण कळलं असं, की ह्या मशीनच्या मते माउसचं चाक वर फिरवणं हे चौथं बटण आणि खाली फिरवणं हे पाचवं. चाकाला बटण म्हणणारं जग मी पहिल्यांदाच बघत होतो. ते आकडे बदलून बघितले तर चाक वर फिरवलं की पान खाली जायला लागलं. आक्का म्हणाल्या, "बेडा." म्हणजे नको. माहेरचं कानडी त्यांच्या तोंडी येतं तेव्हा शेवटची सूचना असते, हे मला तीस वर्षांत कळायला हवं होतं. मी चाक सरळ केलं आणि कडेच्या त्या दोन बटणांकडे वळलो.

त्यांतल्या एकाला मी 'सेव्ह' दिलं. आक्कांना एका हातानं कीबोर्डकडे जायला नको, अंगठा दाबला की काम जपून ठेवलं गेलं, असा विचार. विचार वाईट होता का, तुम्हीच सांगा. पाच बटणं मोजून झाली म्हणून पुढचं सहावं, असं धरून मी सहाला सेव्ह लावलं. ती बटणं आठ आणि नऊ निघाली. सहा आणि सात माउसवर नाहीतच. का नाहीत, हे विचारू नका. आमच्या खात्यातही काही खांबांचे नंबर नुसते कागदावर असायचे. पण मला हे नंतर कळलं. आक्का अंगठा दाबत राहिल्या, मशीन काहीच करत नव्हतं, आणि आम्ही दोघंही समाधानात.

तुम्ही विचाराल, मशीन बंद करताना कळलं कसं नाही. बंद केलंच नाही. बंद केलं की माझी बटणांची ओळ विसरून मशीन पुन्हा मूळ पदावर यायचं (ती ओळ कुठं लिहून ठेवायची ते मासिकाच्या पुढच्या अंकात होतं, आणि तो अंक आला नव्हता). म्हणून मी हुकूम काढला, की मशीन बंद करायचं नाही. लोडशेडिंगसाठी खात्यातल्या एका जुन्या मित्राकडून इन्व्हर्टर आणला. तीन दिवस आमचा कॉम्प्युटर अखंड जळत होता आणि आक्का डाव्या हातानं चौकटी भरत होत्या. सव्वीस कोयऱ्या. हळू, पण एकेक अशी, की मी दोनदा चष्मा पुसून बघितलं.

चौथ्या दिवशी दुपारी त्या जेवायला उठल्या आणि मी जेश्चर बसवले.

जेश्चर म्हणजे, बटण दाबून धरायचं आणि माउस ओढून हवेत काहीतरी काढायचं. मशीन ते ओळखून हुकूम पाळतं. खाली रेघ ओढली की खिडकी लहान, उजवीकडे ओढली की पुढचं पान. सहा मी बसवले. सहावा होता वर्तुळ काढून शेपटी सोडली की प्रोग्राम बंद. तोही साधा बंद नाही, कारण साधा बंद केला की मशीन 'जपून ठेवायचं का' म्हणून विचारत बसतं, आणि मला विचारत बसणाऱ्यांचा कंटाळा आहे. मी न विचारता ठार बंद होणारा हुकूम दिला. रिकाम्या पडद्यावर करून बघितला, झकास चालला. आता वर्तुळ आणि त्याला शेपटी म्हणजे काय, हे तुम्हाला बेंगळुरूत बसून कळलं असेल. कोयरी! आणि ज्या बटणानं आक्का चित्र काढायच्या, तेच बटण मी जेश्चरला देऊन बसलो होतो.

आक्का हात धुऊन आल्या. इतके दिवस त्या एकेक चौकट टिचकीनं भरत होत्या, पण सत्ताविसावी कोयरी मोठी, पदराच्या कोपऱ्यातली, म्हणून एका ओढीत काढू म्हणाल्या. काढली. सुंदर काढली. पडदा निळा झाला. वेल नाही, चौकटी नाहीत, काही नाही.

मी म्हटलं, "सेव्ह केलंय की. अंगठ्यानं." मग आम्ही शोधलं. श्रीशैलराव, मी अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली उभा राहिलो आहे, पण त्या दहा मिनिटांत मला जी भीती वाटली ती तिथं नव्हती. आक्कांनी पडद्याकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "च्या करा."  ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चहा केला. साखर घातली का हे आठवेना म्हणून दोनदा घातली. त्यांनी तो तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातून पळालो, हे कबूल करतो. इचलकरंजीची एसटी धरली. ठरवलं होतं, सयाजीरावांचे पाय धरायचे, सगळा दोष माझा म्हणायचं आणि पंधरा दिवसांची मुदत मागायची. एसटीत बसायला जागा होती तरी हातकणंगल्यापर्यंत उभाच होतो. काय बोलायचं त्याची तयारी करत होतो. शेडमध्ये शिरलो तर मागांच्या खडखडाटात माझी तयारी मलाच ऐकू येईना. सयाजीरावांनी हात धरून ऑफिसात नेलं.

"या की आण्णा. तुमचीच वाट बघालतो."

"माझी? का?"

"वहिनींचा सकाळीच फोन आलता. म्हणाल्या, आमचं मालक मुदत मागायला येतील. त्यास्नी मुदत देऊ नका. च्या द्या, जेवायला घाला, माग दाखवा आणि पाचच्या आत सोडू नका. तेवढ्यात माझं काम व्हतंय."

मी म्हटलं, "पण डिझाइन सगळं गेलंय हो!"

"व्हय, तेबी सांगिटलं. काठ मंगळवारी मिळंल म्हणाल्या. बसा."

आणि मला बसवलं! दोन नवखे वायरमन बाहेर फ्यूज बघत होते, त्यांना शिकवायला उठलो तर सयाजीरावांनी दाराला आतून कडी घातली. पाच वाजून पाच मिनिटांनी सोडलं. येताना हातात पावशेर पेढे दिले, जसा काही मीच काठ काढला.

घरी आलो तर आक्का कॉम्प्युटरपुढे, आणि माउस टेबलाच्या खाली चपलांजवळ. डाव्या हाताची बोटं कीबोर्डच्या उजव्या कडेला आकड्यांवर चालत होती. चार दाबलं की बाण डावीकडे, सहा दाबलं की उजवीकडे, आठ वर, दोन खाली, आणि पाच म्हणजे टिचकी. अपंगांच्या सोयीसाठी म्हणून ते लिनक्समध्ये आधीपासूनच होतं. एक खूण करायची, बस्स. एक दाब म्हणजे थोडंसं पुढं, चौकटी भरायला ह्याहून चांगलं काही नाही. हे त्यांना प्लास्टर घातल्यापासून दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं. मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. म्हणाल्या, "तुम्ही दारात उभं ऱ्हाऊन तळमळत हुता. म्हटलं, करू दे ह्यांना काहीतरी." आणि मग सेव्ह करून दाखवलं, कीबोर्डवर, डाव्या हातानं. कंट्रोल आणि एस, ती दोन बटणं डावीकडेच असतात. हे मला तुम्हीही कधी सांगितलं नाहीत.

मंगळवारी काठ गेला. महाशिवरात्रीच्या आधी माग चालू झाला. परवा सयाजीरावांनी नमुन्याचा तुकडा पाठवला, वीतभर. आक्कांनी तो धुऊन बघितला, उन्हात धरून बघितला आणि कपाटात ठेवला. पुढचं काम आलं आहे, पदराचं. सुरतवाल्याला सयाजीरावांनी काय सांगितलं ते कळलं नाही, मी विचारणार आहे.

असो. घरी सर्वांना यथायोग्य सांगा. तुमच्या सौभाग्यवतींना म्हणावं, तुमच्या नवऱ्यानं एका वाक्यात एक संसार हलवला.

तुमचा,
चन्नाप्पा दाजी

ता. क. माउस जसा कंपनीतून आला तसा परत करायची ओळ कळवा. आता डावं बटण दाबलं की कॅल्क्युलेटर उघडतो, आणि तो बंद करायला तेच बटण दाबलं की दुसरा उघडतो. (मासिकाचा पुढचा अंक आला, त्यामुळे आता मशीन बंद केलं तरी ओळ विसरत नाही.) मे महिन्यात तुमची लेक रक्षिता सुट्टीला येईल, तिच्यासमोर लाज नको.

दुसरा ता. क. वरचं सगळं राहू द्या, पत्र ह्यासाठी लिहिलं. आक्कांचं प्लास्टर निघून दहा दिवस झाले. हात बरा आहे म्हणतात. डॉक्टरांकडे एकट्याच जातात. मला बाहेरच्या बाकड्यावर बसवत नाही म्हणून घरीच ठेवून जातात. काय म्हणाले विचारलं तर "बरं हाय" एवढंच. पण त्या जोंधळ्याची भाकरी थापतात ना, त्या भाकरीवर उजव्या हाताची तीनच बोटं उमटतात. दोन लागतच नाहीत. मी आठ दिवस रोज बघतोय. मी विचारलं तर सांगणार नाहीत. तुम्ही भाऊ आहात, सहज फोन करून विचारा आणि मला कळवा. मी विचारायला सांगितलं असं बोलू नका. हा ता. क. त्यांना माहीत नाही.

श्रीशैल, अक्षर डाव्या हाताचं हाय, लावून वाच. तिकीट चिकटवायला पाकीट माझ्याकडंच दिलं आणि म्हणतात माहीत न्हाय. करंगळी आणि शेजारचं बोट अजून झोपल्यात. शीर दबलीय. डॉक्टर म्हणाले, चेंडू दाबत ऱ्हावा, सहा महिन्यांत जागी व्हतील. न्हाय झाली तर तिनावर भागवा. मी भागवीन. ह्यांना सांगितलं न्हाय, कारण सांगितलं असतं तर ह्यांनी माझ्या बोटांची पण सेटिंग बदलली असती. पण आठ दिवस भाकरीवरची बोटं मोजतात हे मला ठावं नव्हतं. तू फोन करू नको. आज सांजच्याला रंकाळ्याला फिरायला जाताना मीच सांगते. चालत असले की ते ऐकतात.
– आक्का