बामियाचा लेख

सोमवार, १२ जानेवारी

केस गळण्यावर पुन्हा जाहिरातीचा लेख! गिऱ्हाईक बदललं, तेल बदललं, केस तेच. सांगकाम्याला विषय दिला, त्याने चुटकीसरशी मुद्दे मांडले, मी ते वरखाली केले, त्याने लेख पाडला, मी त्यातली गोडगोड विशेषणं उपटून काढली. दुपारपर्यंत फरशा, दातांच्या कॅपा आणि केस, सगळं हातावेगळं. ऑफिसात बाकीचे त्याला एआय म्हणतात. मी सांगकाम्याच म्हणते. सांगितलेलं करतो, न सांगितलेलंही करतो, आणि वर विचारतो — आणखी काही मदत करू का?

घरी आले तर आई बाल्कनीत तशीच, गुडघ्यांवर शाल. सकाळची ‘फूल’ची, बाकल्याच्या दाण्यांची उसळ झाकलेली तशीच, पाव कडक झालेला. बाबा जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून तिने ना धड काही शिजवलं, ना ब्लॉगवर एक ओळ लिहिली. ‘सनिय्याचं स्वयंपाकघर’! कैरोतल्या किती नव्या नवऱ्या त्यावरून भात शिकल्या असतील. बायका अजून लेखांखाली विचारतात, सनिय्याताई बऱ्या आहेत ना? मला ते वाचवत नाही. ब्लॉग बंद पडला तर आईसुद्धा — नको. हे लिहायचं नाही.

बुधवार, १४ जानेवारी

विचारलं. ब्लॉग मी चालू ठेवू का, तुझ्या नावाने? म्हणाली, “तुला हवं ते कर.” मान वळवलीही नाही. ही परवानगी, की मला पिटाळून लावणं?

परवानगीच, असं ठरवलं.

शुक्रवार, १६ जानेवारी

सुटी. सांगकाम्याला आईचे सगळे जुने लेख खाऊ घातले. म्हटलं, अशी बोलते ती. वाचणाऱ्यांना ‘लेकींनो’ म्हणते, मध्येच झापते, मीठ किती ते कधीच नीट सांगत नाही. मसुराच्या सूपवर लिही.

त्याने लिहिलं — “लेकींनो, कांदा करपला तर तो सूपात लपवू नका, सासू ओळखते.” मी खुर्चीत सरळ बसले. आईच! अगदी आई! हसू आलं. शेजारच्या खोलीत ती टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत होती.

लेख टाकला. संध्याकाळी लेखाखाली बायकांची झुंबड. ‘आल्या, सनिय्याताई आल्या!’ कुणी तरी लिहिलं, हाताची चव तीच आहे. हात कुणाचे, बाई? मी चोरासारखी वाचत बसले, आणि खूशही होते. दोन्ही खरं.

रविवार, १८ जानेवारी

रमजान महिन्यावर आला. आता सगळ्याच जणी पाककृती शोधणार. सांगकाम्याला विचारलं, काय लिहू? त्याने ब्लॉग चाळला आणि म्हणाला, लोक बामिया फार शोधतात, तुमच्याकडे तिच्यावर एकही लेख नाही.

मला थापच वाटली. स्वतः शोधलं. खरंच नाही! मुलुखियाची पातळ पालेभाजी आहे, भरलेलं कबुतर आहे, वांग्यांचे नाना प्रकार आहेत — आणि मटणातली भेंडी, जी इथलं शेंबडं पोरही ओळखतं, ती नाही. घरी तरी कधी झाली होती? आठवेना. बाहेर खाल्लीय, मन्सूरा गावी इक्बाल मावशीकडे खाल्लीय. आईला विचारायला गेले तर डोळा लागला होता. राहून गेलं असेल.

त्याने आराखडाही दिला — भेंडी कोवळी कशी ओळखावी, टोपी कशी तासावी म्हणजे तार सुटत नाही, टोमॅटो कधी, लसूण-धण्याची फोडणी कधी, आणि शेवटी एक हृद्य कौटुंबिक आठवण. आठवण! ती मी कुठून आणू?

सोमवार, १९ जानेवारी

मी आणली नाही. त्यानेच आणली. “नवऱ्याची एखादी आठवण घाल” एवढंच मी म्हटलं होतं. हे बघ काय लिहिलं त्याने —

‘एकदा घरी पाहुणे जेवायला होते. माझे यजमान बामियाचा घास घेऊन थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, या बाईने माझ्यासाठी जे सोडलं, ते मी विसरलेलो नाही.’

बाबा! शाळा तपासनीस लुत्फी साहेब! घरातही तपासनीसच होते. जेवून झालं की ताट दोन बोटांनी पुढे सरकवायचे. फार झालं तर म्हणायचे, चालेल. त्यांच्या तोंडी हे वाक्य म्हणजे दगडाला पान्हा.

खोडायला बोट ठेवलं. नाही खोडलं. पुन्हापुन्हा वाचलं. असं म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? कुणाचं काय गेलं असतं? मला रडू आलं — यंत्राच्या वाक्यावर, ऑफिसच्या स्वच्छतागृहात बसून! वेडी कुठली. वाक्य तसंच ठेवलं. लेख टाकला.

गुरुवार, २२ जानेवारी

बामिया तुफान चालली. बायका रडल्या म्हणे. ‘असा नवरा सगळ्यांना मिळो.’

दुपारी इक्बाल मावशीचा फोन. नमस्कार नाही, चौकशी नाही. “तिने बामियावर लिहिलं? तिने?” मी म्हटलं, मावशी, मीच मदत करते थोडी. ती म्हणाली, “तिला विचारून केलंस का गं हे?” मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

काय झालं हिला? दिवसभर हातात काही टिकेना. फरशांच्या लेखात ‘भेंडी’ लिहून बसले.

शनिवार, २४ जानेवारी

झालं.

सकाळी खालच्या मजल्यावरच्या मादाम इव्हॉन वर आल्या, त्यांच्या नाताळची उरलेली बिस्किटं घेऊन. दारातच सुरू — सनिय्या, तुझं लिहिणं पुन्हा वाचून जीव गार झाला, आणि लुत्फी साहेबांचं मन इतकं मऊ होतं हे आम्हाला कधी कळलंच नाही. आई म्हणाली, काय वाचलंत? मी स्वयंपाकघरातून धावत आले. इव्हॉनबाईंनी फोन आईच्या हातात दिला होता.

आईने उभ्याउभ्याच वाचलं. चष्मा नव्हता, फोन लांब धरून. शेवटाला येऊन थांबली. मग परत वर गेली, परत शेवटाला आली. इव्हॉनबाई बिचाऱ्या बिस्किटांबद्दल बोलत होत्या.

त्या गेल्यावर आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. “हे असं म्हणाले ते? तुला कुणी सांगितलं?”

सांगायचं होतं. शप्पथ, तोंड उघडलं ते सांगायलाच! पण तिचे डोळे — वर्षभरात त्या डोळ्यांनी कुणाकडे असं बघितलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबांनीच. दवाखान्यात असताना.”

तिने माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

आई बदलली. पडदे धुतले. केसांना मेंदी लावली. सकाळी मी उठायच्या आत बाजारात जाऊन आली आणि भाजीवाल्याशी वांग्यांवरून भांडून आली! संध्याकाळी माझ्या ताटात वांग्याची मुसक्का वाढली आणि मी खाते कशी ते बघत बसली. बाबांचा बैठकीतला फोटो पुसून स्वयंपाकघरात आणून ठेवलाय, मसाल्यांच्या फळीवर.

मला आनंद व्हायला हवा. घास उतरत नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

“अजून काय म्हणाले ते?” लसूण सोलतासोलता विचारलं, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, आठवून सांगते. आठवून!

खोलीत येऊन लॅपटॉप उघडला. सांगकाम्याला म्हटलं, त्याच माणसाची बायकोसाठी आणखी दोन-तीन वाक्यं दे, मरण्याआधीची. लगेच दिली! गोड, गोल, एकसारखी, पेढ्यांसारखी. शेवटी विचारतो कसा — आणखी भावूक करू का? मी झाकण आपटून बंद केलं. मी कुणाच्या घरात काय करतेय? ती माझी आई आहे, गिऱ्हाईक नाही.

आईला म्हटलं, आता आठवत नाही. म्हणाली, असू दे, आठवेल तेव्हा सांग. आणि हसली. तिच्या हसण्याची मला भीती वाटायला लागलीय.

सोमवार, २ फेब्रुवारी

रजा टाकली, मायक्रोबसने मन्सूराला गेले. इक्बाल मावशीला सगळं सांगितलं — सांगकाम्या, आराखडा, वाक्य, दवाखान्याची थाप. ती चहा ढवळत राहिली. मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाही तर माझाच विश्वास बसणार नाही.

मी दुसरीत होते तेव्हाची गोष्ट. मन्सूराला आजोबा, आईचे वडील, पहाटे वारले. सकाळी आईला फोन आला. आमच्याकडे त्या दिवशी मंत्रालयातले लोक जेवायला यायचे होते, बाबांच्या बढतीसाठी. बाबा म्हणाले, पाहुणे आता परत फिरवता येणार नाहीत, जेवण वाढ आणि मग जा. आईने जेवण केलं. बामिया. पाहुण्यांना कळू दिलं नाही. भांडी ओट्यावर ठेवली आणि निघाली. इथे मयत कुणासाठी थांबवत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर आजोबांना माती दिली. ती पोचली तेव्हा गल्लीत सांत्वनाला येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडत होते.

“थोरली लेक होती त्यांची,” मावशी म्हणाली. “तिने बापाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. त्यावर ती कधी अवाक्षर बोलली नाही. माझ्याशीही नाही. आणि तुझ्या बाबांनी कधी विचारलं नाही.”

या बाईने माझ्यासाठी जे सोडलं, ते मी विसरलेलो नाही.

देवा! तिने वाचलं तेव्हा तिला काय वाटलं असेल! तिला वाटतंय बाबांना तो दिवस आठवत होता. मरताना आठवत होता. माझ्याजवळ बोलले. यंत्राने गुळगुळीत काहीतरी ठोकून दिलं आणि ते नेमकं तिथेच जाऊन बसलं!

परतीच्या वाटेवर डोक्यात एकच — त्या दिवशीची बामिया मीही खाल्ली असणार.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सांगायचं. सांगायचं नाही. सांगायचं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

ऑफिसातून येऊन दारात चपला काढत होते. स्वयंपाकघरातून आईचा आवाज. वाटलं इव्हॉनबाई आहेत. नव्हत्या. ती कढईत कांदा परतत होती आणि फळीवरच्या फोटोशी बोलत होती. रागाने नाही. रोजच्यासारखं, कढईकडे बघत. “पोरीला सांगितलंत. मला सांगायला काय झालं होतं?”

मी परत जिना उतरले. कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडे जाऊन उभी राहिले, रस न पिता. नाही सांगितलं तर ती सुखात राहील — माझ्या खोट्यावर. आणि त्या माणसाला माफ करून टाकेल, जो कधी माफी मागायला आलाच नाही. मला बाबांचा राग येतोय. मेलेल्या माणसाचा राग येतो आणि तो ठेवायला जागा नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सांगितलं.

जेवणानंतर. लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला, सगळं दाखवलं. हे मी लिहिलं, हे त्याने लिहिलं, हे इथून आलं. दवाखान्यात बाबा काहीच म्हणाले नव्हते, फक्त पाणी मागायचे. मावशीकडून कळलं तेही सांगितलं.

मग म्हणाली, “म्हणजे ते म्हणाले नाहीत.”

“नाही.”

“मग कोण म्हणालं?”

“कुणीच नाही, आई.”

तिने ताटं उचलली, धुतली, पालथी घातली. फडका पिळून वाळत घातला. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. लेख काढून टाकू का, मी दाराबाहेरून विचारलं. आतला दिवा विझला.

रविवार, ८ फेब्रुवारी

पुन्हा बाल्कनी, पुन्हा शाल. माझ्याशी बोलत नाही. मी तिचा नवरा दुसऱ्यांदा नेला. खरं बोलले याचा अभिमान वगैरे काही वाटत नाही, नुसतं घरभर फिरते.

मंगळवार, १० फेब्रुवारी

रात्री मी घरी फरशांचा लेख करत होते. आई आली, खुर्ची ओढून शेजारी बसली. चष्मा लावून आली होती. म्हणाली, “तुझ्या त्या यंत्राला सांग, त्यांना माझी माफी मागायला लाव.”

मी लिहिलं, जसं म्हणाली तसं. त्याने उलट विचारलं — माफी कशाबद्दल मागायची आहे? काय घडलं होतं?

आई लॅपटॉपवरच्या त्या प्रश्नाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

“लिही,” ती म्हणाली. “सकाळी भेंडी निवडत होते, तेव्हा फोन वाजला.”