मिटिंगला नेलेला नारळ

मंगळवार, सांजच्याला

आज लई आनंद झालाय, पण जीव थाऱ्यावर न्हाई. नातीनं मोबाईलवर दारू सोडणाऱ्यांची मिटिंग हुडकली, वडवणीत. लेकाला घेऊन गेलते. दारू सोडवणारा म्हंजी कुणी बाबाच असंल म्हणून मी नारळ नेला. तिथं बाबा न्हाई, सगळे आधी पिणारेच. एक म्हातारा हसला, "मावशे, हितं उतारा न्हाई, चहा हाय." नारळ फोडून समद्यांनी खाल्ला, ग्वाड निघाला. दसऱ्यानंतर लेक ऊसतोडीला जाणार, तिथं रोज बाटली. कसं व्हायचं? निघताना त्यानंच म्हाताऱ्याला इचारलं, "काका, कारखान्याकडं बी अशी मिटिंग असती का?" नव्या गावात गेला की आजवर आधी गुत्ताच इचारायचा.