लाल टिकल्यांचा नकाशा

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
तुझ्या नगररचना कचेरीची माणसं नव्या आराखड्यासाठी लोकांचं मत विचारायला स्टेशनमागच्या आपल्या गल्लीत येऊन गेली. टेबलावर भलामोठा नकाशा पसरला, लाल-हिरव्या टिकल्या ठेवल्या आणि म्हणाली, हव्या तिथे चिकटवा. रंगांचं काही सांगितलं नाही. नकाशावर दिसाल तरच मोजले जाल, असं तू लिहिलं होतंस, म्हणून शिवणाचं मशीन बंद ठेवून मी घरोघर फिरले. न्हावीकाका तयारच नव्हते. माझा भाऊ आहे तिथे, म्हटल्यावर आले. लाल उठून दिसतो, म्हणून सगळ्यांनी आपापल्या घरावर लालच लावली. सेहेचाळीस घरं, एकही सुटलं नाही. तुझे साहेब भलतेच खूश दिसले. तू मात्र कामाच्या नावाखाली यायचं टाळलंस, कामचुकार.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

दि. १९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.
आज स्टेशनच्या भिंतीवर आराखडा लागला. आपल्या गल्लीच्या जागी बस वळवायचा चौक आहे. खाली छापलंय, लाल म्हणजे रहिवाशांनी स्वतःहून हलवायला सुचवलेली घरं. न्हावीकाकांनी ते तीनदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. काहीतरी चूक झाली असणार, साहेबांच्या कानावर घाल. एकतीसला सुनावणी आहे.
तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

दि. २४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.
चूक नाही. चौक आधीच ठरला होता. लोकांना विचारलं, एवढं दाखवायचं राहिलं होतं. नकाशा परत आला तेव्हा साहेब म्हणाले, लाल जास्त आहेत, आता लालचा अर्थ लिही. भिंतीवर छापलेलं ते वाक्य माझं आहे, ताई. हिरव्या जास्त असत्या तर हिरव्यांचा लिहिला असता. आपलं घर दिसत होतं, तरी लिहिला. नोकरीची भीती वाटली. माझी मलाच शिसारी येते.
रागव, पण तोडू नकोस.
धाकटा

दि. २७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद लिहिताना हात अडला, तरी लिहिते आहे.
तुझं पत्र वाचलं. मग गल्लीत सगळ्यांना ते वाचून दाखवलं. एकतीसला तेच पत्र सुनावणीत ठेवणार आहे. तुझी नोकरी जाईल, हे कळतंय मला. जेवायला ये, अंथरूण घालून ठेवते. पण ती माणसं माझ्या शब्दावर आली होती, आणि त्यांना द्यायला माझ्याजवळ तुझ्याशिवाय दुसरं काही नाही.
ताई