आईचा उघडा चष्मा

सलालाह, ओमान, ५ ऑक्टोबर २०२४

ती. मैनामावशीस,
पूर्वाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऐकू आलेलं तू कबूल करत नाहीस, म्हणून हे पत्र. आमचे शेजारी इम्रानभाई रत्नागिरीला निघालेत, त्यांच्या हाती देतेय.

आई गेल्यापासून बाबा दोन घासांत उठतात. त्यात मी भर घातली. चित्रकलेच्या वर्गात आम्ही जुनी डच चित्रं शिकतोय. टेबलावर कवटी, घड्याळ, विझलेली मेणबत्ती. सगळं नश्वर आहे, हे सांगणारी. कवटी कुठून आणू? मी आईचा चष्मा आणि घड्याळ मांडलं, आणि धूर रंगवायचा म्हणून देवघरातली समई फुंकर मारून विझवली. नेमके बाबा जेवायला येत होते. या घरात एवढंच पाहायचं राहिलं होतं, म्हणाले आणि पानावर न बसताच खोलीत गेले. ते असेच झिजत जातील, अशी मला फार भीती वाटते गं.

माझ्यावर रागाव, पण थोडी माया बाबांसाठी राखून ठेव.

तुझी,
पूर्वा

देवरुख, २१ ऑक्टोबर २०२४

चि. पूर्वा हीस अनेक आशीर्वाद.

समई फुंकून विझवणारी तू आपल्या घराण्यातली पहिलीच. वात तेलात ओढून शांत करायची, एवढंही ताईनं शिकवलं नाही?

पण भाऊजींचा राग समईचा नाही. ताईच्या वस्तू तू त्यांना न विचारता हलवल्यास. त्या दोघांनी जन्मभर एकमेकांच्या चुका काढत सुखाने संसार केला. आता त्यांना चूक काढायला माणूस उरलं नाही. तू मुद्दाम चुकीचं मांड आणि गप्प बस.

मलाही करमत नाही. ताईची इथे राहिलेली साडी मी अजून धुतलेली नाही.

दोघांनी जिवाला जपा.

तुझी मावशी

सलालाह, २४ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस सा. न.

तुझं ऐकलं. चष्मा नीट मिटून ठेवला. बाबा येता-जाता नुसते पाहत. मग एक दिवस म्हणाले, ती कधी मिटायची नाही, काचा खाली करून टाकायची, म्हणून तर ओरखडे पडले. त्यांनी तो तसा उघडा ठेवला आणि रडायला लागले. मीही रडले.

आता शेजारी खुर्ची टाकून माझ्या चुका काढतात. त्या डच चित्रांत अर्धं सोललेलं लिंबू असतं, दिसायला सुरेख आणि आतून आंबट. त्याची ओली चकाकी दुपारपर्यंत सुकते. म्हणून बाबा रोज सकाळी भाजीवाल्या ताबिशला यल्ला यल्ला, म्हणजे चल लवकर, करत ताजं लिंबू आणतात आणि स्वतः सोलून मांडतात.

काल ब्रश धुऊन आले तर लिंबू गायब. बाबांनी ते वरणभातावर पिळलं होतं. पान स्वच्छ झालं होतं, आणि भात अजून आहे का, असं ते विचारत होते.

चित्र अपुरंच राहिलंय. तुझा लोभ तेवढा पुरता असू दे.

तुझी,
पूर्वा